ऑफसाइडच होता, शैलाताई

शैलाताई,

मागच्या पंधरवड्यात इथल्या मराठी मंडळाने तुझी शोकसभा घेतली. जो उठला तो एकच बोलला, "समाधानाने गेल्या." इतकी वर्षं जिच्यावर जीव टाकला त्या टीमने पहिल्यांदाच युरोपचा कप जिंकला, तो क्षण डोळ्यांनी पाहिला, आणि पुढच्याच आठवड्यात शांतपणे डोळे मिटले. असं मरण म्हणे भाग्यवंतालाच येतं. मी मागच्या खुर्चीत दात आवळून बसले होते. यातलं एकही वाक्य खरं नाही. ज्या गोलने कप मिळाला तो तू डोळ्यांनी पाहिलाच नव्हतास. शांत तर तू आयुष्यात कधी नव्हतीस. आणि गेलीस ती माझ्याशी भांडण अर्धं टाकून गेलीस.

अर्धं भांडण टाकून माणूस समाधानाने जातो का? कुणी तरी मला समजावून सांगा.

मला तुझा राग आलाय, ताई. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

मी दोह्याला आले तेव्हा अल सादमधल्या त्या बिल्डिंगमध्ये कुणाला ओळखत नव्हते. महेश ऑफिसला, इरा शाळेत, आणि माझी नोकरी सुरू व्हायला अजून अवकाश होता. एका संध्याकाळी शेजारच्या भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू आला. "अरे मार ना मेल्या! यल्ला! यल्ला! झोपलास का?" मला वाटलं, कुणी तरी कुणाला तरी मारतंय. इरा भिंतीला कान लावून म्हणाली, "आई, शी इज नॉट फायटिंग. शी इज सपोर्टिंग." तरी मी बेल वाजवली. तू दार उघडलंस. अंगात सुती गाऊन, डोक्यावर घट्ट अंबाडा, आणि गळ्यात हिरवा लोकरी स्कार्फ. बाहेर भट्टी पेटलेली आणि ही बाई स्कार्फ घालून! मी कोण, कशाला आले, काही विचारलं नाहीस. "आत ये, कॉर्नर आहे," एवढंच म्हणालीस.

कॉर्नर वाया गेला. मग तुला सुचलं विचारायचं, "तुला कळतं यातलं?"

"मी कोल्हापूरची," मी म्हणाले. "माझे बाबा लाइन्समन होते."

तू टीव्हीचा आवाज बारीक केलास. पुढे कळलं, की मॅच चालू असताना तू आवाज कुणासाठीही बारीक करत नाहीस, भावोजींचा प्लांटवरून फोन आला तरी नाही. मग मी तुला सांगितलं, आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचे संघ असतात, मॅच संपली की गल्लीत डोकी फुटतात, आणि बाबा हातात झेंडा घेऊन त्या सगळ्यांच्या मध्ये उभे राहायचे. ते म्हणायचे, झेंडा एकदा वर गेला की खाली घ्यायचा नाही, मग शिव्या पडोत नाही तर चपला. तू ऐकलंस आणि म्हणालीस, "म्हणजे तू हट्टी असणार. बरं झालं."

मी तुला "अहो शैलाताई" म्हणायचे. तू माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. पण तिसऱ्या की चौथ्या मॅचला पेनल्टीवरून आपलं जुंपलं आणि माझ्या तोंडून निघालं, "तुला दिसत नाही का? हात लागलाय!" मी जीभ चावली. तू म्हणालीस, "आता कसं! भांडायचं तर अहो-जाहो कशाला?" तेव्हापासून तू 'तू' झालीस.

क्लबचं नाव तू कधी घेतलं नाहीस. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं. नुसतं "आमचे". "आज आमचे हरणार," "आमच्यांनी गोलकीपर विकला, मूर्ख कुठले." सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं 'आमचे' कोण ते.

मला ते खटकायचं. मी तुला तोंडावर सांगितलं होतं, की आमचे म्हणजे ज्यांच्या आयांना आपण बाजारात भेटतो ते. टीव्हीवरचे कसले आमचे? दुसऱ्याच्या घरच्या लग्नात नाचायचं हे. तू इंग्लंडला कधी पाऊल ठेवलं नाहीस, त्या गावाचा नकाशा तुला माहीत नाही, आणि त्यांचा लेफ्ट बॅक दुखावला की तू जेवत नाहीस!

तेव्हा तू चिडली नाहीस. भेंडी चिरता चिरता सांगितलंस. लग्न होऊन नाशिकहून आलीस तेव्हा भावोजी उत्तरेतल्या गॅस प्लांटवर. दोन आठवडे तिकडेच राहायचं, मग घरी. मधुरा पाळण्यात. शेजारी मराठी कुणी नाही, तुझं हिंदी यथातथा, इंग्रजी त्याहून. टीव्ही लावला की सगळं अरबी. एक शब्द कळायचा नाही. फुटबॉल मात्र न कळता कळायचा. एकदा पाहिलंस, हिरव्या कपड्यांतला एक संघ चिखलात सडकून मार खातोय आणि वर पाऊस. मॅच संपली तरी त्यांची माणसं जागेवर उभी राहून गात होती. "एवढं हरूनही कुणी घरी गेलं नाही गं," तू म्हणालीस. "मला त्या वर्षी तसं माणूस पाहिजे होतं. जे सापडलं ते आमचं."

मी उरलेली भेंडी माझ्याकडे ओढली. पण पटलं असं कबूल केलं नाही. तूही "पटलं का" असं विचारलं नाहीस. हे आपल्यातलं पहिलं अर्धवट भांडण.

अरबी तू त्या कॉमेंट्रीवरूनच शिकलीस. त्यामुळे तुझं अरबी जगावेगळं. 'भाव कमी करा' म्हणता यायचं नाही, पण 'बचाव ढिला आहे' म्हणता यायचं. सूक वाकिफच्या बाजारात मसाल्याच्या दुकानात आपण रांगेत होतो आणि एक धिप्पाड माणूस बाजूने येऊन पुढे घुसला. तू बोट वर केलंस आणि ओरडलीस, "तसल्लुल!" ऑफसाइड! अख्खं दुकान हसलं. तो माणूसही हसला, हात जोडल्यासारखं केलं आणि मागे जाऊन उभा राहिला. दुकानदाराने तुला मूठभर वेलदोडे जास्त घातले. बाहेर येऊन मी तुला विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले. कारण सकाळीच तू हॉस्पिटलमधून आली होतीस.

"हृदयाची एक झडप नीट मिटत नाही म्हणे. बदलावी लागेल."

"कधी?"

"लवकर म्हणाले. आज-उद्या नाही म्हणाले, पण लवकर."

"मग?"

"मग काय! आमचे सेमीफायनलला आहेत."

मी तिथेच भर बाजारात तुझ्यावर ओरडले, तुला आठवत असेल. भावोजींनीही तुला समजावलं होतं, मधुरा टोरंटोहून रोज व्हिडिओ कॉलवर रडत होती. तुझी प्रत्येकाला वेगळी उत्तरं. भावोजींना म्हणायचीस, तुमच्या प्लांटचं शटडाउनचं दुरुस्तीकाम चालू आहे, तुम्हाला सुट्टी कुठे मिळणार? मधुराला म्हणायचीस, तू आलीस की करू. मला खरं सांगितलंस. "फायनलला आमचे गेले आणि मी भुलीत पडलेली असले तर? उठल्यावर कुणी तरी सांगणार, हरले किंवा जिंकले. शिळी भाकरी. मला नको."

"आणि जिवाचं काय?"

"जीव काय कुठे जातोय? वर्ल्ड कप माझ्या दारात येतोय, मेधा. इतकी वर्षं मी त्यांच्या अंगणात डोकावते, आता ते माझ्या अंगणात येणार. तो बघितल्याशिवाय मी हलत नाही, इन्शाल्ला."

या वर्षी सगळं दोहा खोदलेलं. मेट्रो, पूल, स्टेडियम. आज ज्या रस्त्याने गेलो तो उद्या बंद. तुला त्याचं कोण कौतुक! वळसा पडला की सगळे टॅक्सीवाले चरफडायचे, आणि तू खिडकीतून क्रेन बघत म्हणायचीस, "घरात कार्य असलं की पसारा असायचाच." उन्हात बसमधून कामावर जाणारी ती पोरं दिसली की मात्र गप्प व्हायचीस. "यांना तिकिटं देणार का हो हे लोक?" असं एकदा भावोजींना विचारलं होतंस. ते म्हणाले, "मला काय विचारतेस? मी गॅसवाला."

ऑपरेशनची तारीख फायनलनंतरची घेतलीस. बदलून घेतलीस. डॉक्टरांनी वेळ आहे असं सांगितलं होतं, वाया घालवा असं सांगितलं नव्हतं. हे तेव्हाही म्हटलं होतं, आताही म्हणते. कुणाला म्हणते? तीच तर चीड आहे. ऐकून घ्यायला तू नाहीस आणि उलट बोलायलाही नाहीस.

फायनल आमच्याकडे बघितलीस, कारण आमचा टीव्ही मोठा. भावोजी प्लांटवर होते. समोरचा संघ असा, की घरात कप ठेवायला जागा उरलेली नाही. त्यांनी आधी गोल केला. तू स्कार्फचं टोक चावायला लागलीस. मॅच हातची गेली असं वाटत असताना बरोबरीचा गोल झाला. तू उठून उभी राहिलीस आणि पुन्हा बसलीसच नाहीस. जादा वेळ सुरू झाला तेव्हा म्हणालीस, "मी बघितलं की हे हरतात. मी जिन्यात थांबते." मी म्हटलं, "वेडी आहेस का? इतकी वर्षं थांबलीस ती जिन्यात उभी राहायला?" पण तू गेलीस. दार ओढून घेतलंस.

आणि तेव्हाच तो गोल झाला. डावीकडून चेंडू आला, नऊ नंबरवाला बचावाच्या मागे पळाला, पाय लावला, जाळ्यात. लाइन्समनच्या पोरीच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. मी ओरडले, "ऑफसाइड!"

माझा आवाज ऐकून तू धावत आत आलीस. "काय झालं?"

"गोल. पण ऑफसाइड होता."

"दिला का?"

"दिलाय. पण होता ऑफसाइडच."

तू माझ्याकडे असं बघितलंस, की महेश हळूच स्वयंपाकघरात निघून गेला. "सगळी हयात वाट बघितली," तू म्हणालीस, "आणि पहिली बातमी ही?"

मग शिट्टी झाली. त्यांच्या कप्तानाने कप उचलला, हिरवे कागद उडाले. तू स्कार्फने तोंड झाकून रडलीस. लहान मूल रडतं तसं, हुंदके देत. इराने तुला पाणी आणून दिलं. तू पाणी प्यालीस, नाक पुसलंस आणि म्हणालीस, "रिवाइंड कर."

हे मंडळाच्या लोकांना कोण सांगणार? जिंकल्याचा आनंद तू जेमतेम एक ग्लास पाणी पिण्याएवढा घेतलास. तिथून पुढे जे घेतलंस ते भांडण. दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे इथला सोमवार; सकाळी मी ऑफिसला निघाले तर तू लिफ्टपाशी उभी. "चेंडू पायातून सुटतो तो क्षण बघायचा. तू नंतरचा बघतेस." मी म्हटलं, "मी सुटतो तोच बघितला. अर्धा फूट पुढे होता." लिफ्टचं दार मिटताना तुझा आवाज आला, "अर्धा फूट तुझ्या डोळ्यांत!" दिवसभर व्हॉइस मेसेज. त्यांच्या बचावपटूचा मागचा पाय कुठे होता, कॅमेरा कोणत्या बाजूला होता, आणि कॅमेरा तिरका असला की जवळचा माणूस पुढे दिसतो. हे तू कुठून शिकलीस देव जाणे. मी तुला म्हटलं, बाबांना फोन करते. तू म्हणालीस, "कर. माझ्या बाजूने निघाले तर?" बाबा म्हणाले, टीव्हीवरून मी निकाल देत नाही. आपली दोघींची निराशा झाली.

शुक्रवारी भावोजींना सुट्टी मिळाली. त्यांनी आपल्याला मदिनत अश शमालच्या समुद्राकडे नेलं. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन, म्हणून जरा मोकळी हवा. तू वाळूत उतरलीस आणि मला म्हणालीस, "तू बचावपटू. इथे उभी राहा." भावोजींना म्हणालीस, "अहो, तुम्ही तिकडून पास द्या." भावोजींनी हातातल्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं, तुझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुमचं चालू द्या, मी मासे बघून येतो." ते धक्क्याकडे निघून गेले. मग तूच "सुटला!" असं ओरडलीस आणि तूच पळालीस. सलवार-कमीज, गळ्यात स्कार्फ, वाळूत चार पावलं. पाचव्याला बसलीस. श्वास लागला होता. ओठ पांढरे.

"बास झालं," मी म्हणाले. "चल, गाडीत बस."

"विषय बदलू नकोस. तुझा पाय माझ्या पुढे होता."

"ताई, तुझा चेहरा बघ कसा झालाय!"

"पाय पुढे होता की नव्हता?"

"नव्हता."

तू श्वास घेत हसलीस. "ऑपरेशन होऊ दे. उठले की तुला एकेक चित्र थांबवून दाखवते. तेव्हा तोंड लपवायला जागा शोध."

आपल्यातलं हे शेवटचं मोठं बोलणं. यात समाधान कुठे आहे? मला दाखवा.

सोमवारी सकाळी तू मला फोन केलास. भावोजी प्लांटवर निघून गेले होते. "जरा बरं वाटत नाहीये," एवढंच. मी तुला अँब्युलन्स बोलवायला लावली आणि ऑफिसच्या वाटेवरून गाडी वळवली. नेहमीचा रस्ता बंद. दुसऱ्यावर वळसा, तिसऱ्यावर मोठ्ठं यंत्र आडवं. ज्या वर्ल्ड कपची तू वाट बघत होतीस त्याच्याच खोदकामात मी स्टिअरिंगवर हात आपटत बसले होते. हॉस्पिटलात पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. डॉक्टर इंग्रजीत हळू आवाजात सांगत होते. मी मान डोलवत होते आणि मनात त्यांच्यावर, रस्त्यावर, फायनलवर आणि तुझ्यावर चिडत होते. सगळ्यात जास्त तुझ्यावर. एवढं थांबायचं होतं तर गुरुवारपर्यंत थांबायला काय झालं होतं?

कागदपत्रं झाली आणि भावोजी तुला नाशिकला घेऊन गेले. मधुरा टोरंटोहून थेट तिकडेच आली. इथल्या आम्हा लोकांना काय राहिलं? बंद दार. परदेशात माणूस गेलं की असंच होतं. विमानतळापर्यंत पोचवायचं, आणि मग ज्या गावात तुझे चुलत-मावस सगळे आहेत तिथे ते तुला पोचवणार. त्यांना तुझं लग्नाआधीचं नाव माहीत. 'आमचे' कोण ते माहीत नाही.

शोकसभेत मला दोन मिनिटं बोलायला सांगितलं होतं. तुझे मोदक, तुझ्या रांगोळ्या, कुणाच्या बाळंतपणात तू कशी धावून गेलीस, हे सगळं सांगून झालं होतं. ते खोटं नव्हतं. मी उठले तेव्हा कुलकर्णीकाकू कानाशी म्हणाल्या, "फुटबॉलचं नको गं काढू. प्रसंग कसला आहे बघ." मी माइक घेतला आणि म्हणाले, "शैलाताई समाधानाने गेल्या नाहीत. त्या भांडत गेल्या. त्यांना अजून खूप बघायचं होतं." हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. मी खाली बसले.

नंतर चहा देताना काकू म्हणाल्या, "अगं, लोकांना बरं वाटावं म्हणून बोलतात तसं."

"पण मला बरं वाटून घ्यायचं नाहीये, काकू."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पुढच्या माणसाला चहा दिला. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. म्हणूनच जास्त राग आला.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. बरोबरीचा गोल झाला तेव्हा मी मनात म्हटलं होतं, "झाला आमचा!" आमचा. माझ्या तोंडून नव्हे, आतून आलं. तुला ऐकवलं असतं तर तू महिनाभर माझी खिल्ली उडवली असतीस, म्हणून गप्प बसले. सांगू सावकाश, असं वाटलं.

भावोजी गेल्या आठवड्यात परत आले. दाढी वाढलेली. पिशवीतून नाशिकचा चिवडा काढून इराला दिला. मग बराच वेळ टीव्हीकडे बघत बसले. तो बंद होता.

"ती मॅच आहे का तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी लावली. सगळी बघितली त्यांनी. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण मॅच. गोल आला तेव्हा म्हणाले, "थांबव. यावरून भांडत होतात ना तुम्ही?"

"हो."

"ही ऑफसाइडची रेघ कुठे आखलेली असते?"

"आखलेली नसते, भावोजी. शेवटून दुसरा बचावाचा माणूस जिथे, तिथे धरायची."

"म्हणजे रेघच नाही?" हा माणूस सगळी नोकरी पाइपलाइनचे नकाशे बघत आलेला. "रेघ नाही आणि दोघी आठवडाभर भांडत होतात?"

मी त्यांना समजावलं. पुन्हा समजावलं. चित्र थांबवून दाखवलं, नऊ नंबर पुढे आहे हे दाखवलं. ते चष्मा वर-खाली करत बघत राहिले आणि म्हणाले, "गोल आहे."

"कशावरून?"

"शैला म्हणाली."

"हा काही पुरावा नाही, भावोजी!"

"मला पुरतो."

ताई, मला त्यांची कीव यायला हवी होती. मला संताप आला. तू निदान कॅमेऱ्याचा कोन काढायचीस, बचावपटूचा मागचा पाय काढायचीस. तुझ्याशी भांडायला अभ्यास लागायचा. आणि तुझ्या जागी हा माणूस येऊन बसला, ज्याला गोलकीपर हातात चेंडू घेतो त्याचंही आश्चर्य वाटतं! मी म्हटलं, "हो म्हणते मी, गोल आहे. झालं?" ते म्हणाले, "असं नको. तुला वाटत नसेल तर हो म्हणू नकोस. मला नीट समजव." आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्या दिवशीही. नियम इंटरनेटवर वाचून येतात, अर्धा लक्षात ठेवतात, अर्ध्यावरून वाद घालतात. माझं डोकं उठलंय.

काल मी शेवटचा उपाय म्हणून बशीत भाजलेले शेंगदाणे मांडले. हा गोलकीपर, हे बचावपटू, हा काजू म्हणजे नऊ नंबर. चेंडू म्हणून बेदाणा. सगळं जागच्या जागी ठेवून मी चेंडू सोडला आणि म्हणाले, "आता बघा, काजू कुठे आहे?" भावोजी विचारात पडले, आणि विचार करता करता एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

"भावोजी, तो बचावपटू होता!"

ते चघळायचे थांबले. बशीकडे बघितलं. आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "मग आता गोल झालाच की."

मला हसू आलं. त्यांनाही आलं. आणि हसता हसता ते रडायला लागले. तुला नेलं तेव्हा रडले नव्हते, मधुरा म्हणत होती, तिकडेही रडले नव्हते. काल रडले, बशीवर हात ठेवून. मी त्यांना रडू दिलं. पाणी दिलं. त्यांनी चष्मा पुसला, घातला, आणि माझ्याकडे बघितलं. मी काही तरी बोलावं असं त्यांना वाटत होतं, हे मला कळत होतं.

मी बशीत नवा शेंगदाणा ठेवला आणि सांगितलं, "तरीही ऑफसाइडच होता."